कमरपट्ट्याच्या मापाचे टाके

आमच्या हॉस्पिटलच्या माहितीपत्रकावर धबधब्याचा फोटो होता. धबधब्यासमोर एक सडपातळ मुलगी हात पसरून उभी. ती मुलगी आमची पेशंट नव्हती आणि तो धबधबाही लोणावळ्याचा नव्हता; छपाईवाल्याकडे दोन्ही तयार मिळाले. खाली लिहिलं होतं, 'सह्याद्रीच्या कुशीत नव्याने घडा.' त्या पानाचं प्रूफ मी स्वतः तपासलं होतं आणि त्यात मला एकही चूक सापडली नव्हती.

मी प्लास्टिक सर्जन. तळेगाव दाभाड्याला वीस वर्षं भाजलेल्यांना कातडी लावली, दुभंगलेले ओठ जोडले, कारखान्यात यंत्रात सापडलेली बोटं जमेल तशी वाचवली. मग लोणावळ्याला वलवण धरणाच्या बाजूला एका रिसॉर्टवाल्या गृहस्थांनी हॉस्पिटल काढलं आणि मला बोलावलं. रिसॉर्ट चालेना म्हणून त्यांनी बारा खोल्यांना ऑक्सिजनची नळी जोडली होती. पोहण्याचा तलाव तसाच ठेवला. ताजे टाके असलेल्या माणसाला पाण्यात उतरता येत नाही, असं मी सांगितल्यावर ते म्हणाले, "उतरायचंय कुणाला, डॉक्टर? फोटोत दिसला म्हणजे झालं."

तिथे मी अकरा वर्षं लोकांची पोटं आवळली. आता मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. या अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे धंद्यातल्या गमती मागितल्या. त्या देतो. पण त्यातल्या एका गमतीपायी एका बाईचं नाव नऊ वर्षं खराब झालं होतं, आणि ते मी केलं होतं. तेवढं सांगायचं म्हणूनच लिहायला बसलो आहे.

आधी पोट समजून घ्या. पोटाच्या समोर, बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत, स्नायूंचे दोन उभे पट्टे असतात. दोघांच्या मधे एक पांढरी, चिवट शिवण. पोटात बाळ वाढतं तशी ही शिवण ताणली जाते, रुंद होते आणि पट्टे एकमेकांपासून दूर सरकतात. बाळंतपणानंतर काहींचे परत जवळ येतात, काहींचे येत नाहीत. मग बाई बारीक असली तरी पोट पुढे येतं, कंबर दुखते आणि लग्नकार्यात कुणीतरी हमखास विचारतं, "कितवा गं?" व्यायामाने स्नायू बळकट होतात, पण फार फाकलेली शिवण त्याने पुरती मिटत नाही.

ती आम्ही मिटवतो. ओटीपोटावर कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्यापर्यंत आडवा छेद घ्यायचा. कातडी आणि चरबी चादरीसारखी वर बरगड्यांपर्यंत उचलायची. बेंबी आपल्या देठावर तशीच मागे ठेवायची. खाली स्नायूंचं आवरण दिसतं. त्यावर निळ्या शाईने तांदळाच्या दाण्यासारखा लांबट आकार काढायचा आणि त्याच्या दोन्ही कडा न विरघळणाऱ्या धाग्याने एकमेकींना शिवायच्या. गाठी आत वळवायच्या, नाहीतर पुढे त्या कातडीखाली टोचत राहतात. एक रांग झाली की तिच्यावर दुसरी. ज्यांना कंबरही हवी असते त्यांच्यासाठी दोन्ही बाजूंना आणखी दोन तिरक्या रांगा. मग टेबल मधे वाकवायचं, चादर खाली ओढायची, उरलेली कापून टाकायची आणि बेंबीसाठी नवं भोक पाडायचं. पेशंट पुढे आठवडाभर वाकून चालते. आमच्या व्हरांड्यात सकाळी चार-पाच बायका एका ओळीत वाकून फेऱ्या मारत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणाची तरी कानातली कुडी हरवली आहे आणि सगळ्या मिळून शोधताहेत.

शिवायला कुणीही शिकतं. कुठे थांबायचं ते शिकायला वेळ लागतो, आणि शिकलेलं टिकतंच असं नाही. पोट ही बंद पिशवी आहे. ती आवळली की आतला ऐवज वर सरकतो आणि छातीच्या पडद्याला ढकलतो. म्हणून भूलतज्ज्ञाच्या यंत्रावर एक आकडा असतो. श्वास आत ढकलायला किती जोर लागतोय, ते तो दाखवतो. आकडा चढायला लागला की सर्जनने हात आवरायचा.

हेच मी एकदा तळेगावच्या एका जमीन-एजंटांना समजावत होतो. ते खोलीत शिरायच्या आधी त्यांचं पोट शिरलं. मी त्यांना आडवं व्हायला सांगितलं. आडवं झाल्यावर पोट पसरलं तर चरबी कातडीखाली. डोंगर तसाच उभा राहिला तर ती आत, आतड्यांभोवती. त्यांचा डोंगर हलला नाही.

"भाऊ, हे आतून भरलेलं आहे. बाहेरून शिवून उपयोग नाही."

"जरा दाबून बसवा की."

"श्वास अडेल."

"थोडाफार अडला तर चालंल मला."

"त्यापेक्षा रोज चाला."

"चालायचंच असतं तर तुमच्याकडं गाडी घेऊन कशाला आलो असतो?" जाताना त्यांनी कार्ड ठेवलं आणि मालक तलावाकडचा तुकडा विकणार आहेत का, अशी चौकशी केली. दुसऱ्या एक बाई मोबाइलमध्ये अकरा बेंब्यांचे फोटो घेऊन आल्या होत्या. त्यांपैकी चार पुरुषांच्या निघाल्या. असो.

आता कमलमावशी. या आमच्याकडे आया होत्या, वलवणच्याच. हॉस्पिटलच्या बाहेर त्यांची ओळख वेगळी होती. आसपासच्या वस्त्यांमध्ये बाळंतिणीचं पोट बांधायला त्यांनाच बोलावत. जुन्या लुगड्याचं मऊ, लांब फडकं घेऊन त्या ओटीपोटापासून वर गुंडाळत जात, आणि बांधून झालं की वरच्या काठातून दोन बोटं आत घालून बघत. बोटं अडता कामा नयेत आणि सैलही पडता कामा नयेत. त्यांच्या हाताला वस्तीत मान होता. बाळाची आई त्यांच्या पाया पडायची.

आमच्याकडे ऑपरेशननंतर पोटाला रुंद इलॅस्टिकचा पट्टा बांधतात. तो बांधल्यावर मावशी तिथेही बोटं घालून बघू लागल्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसलो.

"मावशी, हे बाळंतपण नाही. शस्त्रक्रिया आहे."

"व्हय की. मंग हिचा श्वास काय येगळा असतो?"

नर्सेसनी बांधलेल्या पट्ट्यांचे वळ उठत, पेशंटना मळमळे. मावशींनी बांधलेल्या पट्ट्यांचं तसं होत नव्हतं, हे मला दोन-तीन महिन्यांत कळलं. मी सगळ्या वॉर्डला तोच नियम लावला. पुढे पुण्यात सर्जन मंडळींच्या परिषदेत त्यावर दहा मिनिटं बोललोही. पडद्यावर फोटो दाखवला: पट्टा आणि त्यात घातलेली दोन बोटं. बोटं माझी होती. टाळ्या पडल्या. मावशींचा उल्लेख राहून गेला असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. राहून वगैरे काही गेला नव्हता. आयाचं नाव घेऊन टाळ्या मिळत नाहीत, एवढं व्यवहारज्ञान मला होतं.

नऊ वर्षांपूर्वी कोथरूडच्या एक बाई आल्या. पन्नाशीच्या, दोन मुलांच्या आई. मुलीचं लग्न ठरलेलं. त्यांनी माझ्या टेबलावर मखमली डबी उघडली. आत सोन्याचा कमरपट्टा.

"हा बसला पाहिजे," त्या म्हणाल्या. "सासूबाईंचा. मला माझ्या लग्नातसुद्धा बसला नव्हता. मागे दोरा बांधावा लागला. भर मांडवात म्हणाल्या होत्या, आमच्याकडचं माप वेगळं असतं हो."

"सासूबाई आहेत?"

"आहेत ना. ब्याऐंशीच्या. म्हणून तर घाई."

शहाण्या सर्जनने डबी मिटून परत दिली असती. पोट कितपत आवळायचं हे त्या पोटाने ठरवायचं असतं, तीस वर्षांपूर्वीच्या टोमण्याने नाही. मी टेप घेऊन कमरपट्टा मोजला आणि फाइलमध्ये लिहून ठेवला. ऑपरेशनच्या दिवशी थिएटरच्या फळ्यावर रक्तगटाच्या खाली दागिन्याचं माप होतं.

मधल्या दोन रांगा सुरेख बसल्या. मी निर्जंतुक टेपने कंबर मोजली. कमरपट्टा अजून दोन बोटं अपुरा पडत होता. मी बाजूच्या तिरक्या रांगा घ्यायला सुरुवात केली. आमचे भूलतज्ज्ञ डॉक्टर सबनीस अबोल गृहस्थ होते, ऑपरेशन सरळ चाललं की शब्दकोडी सोडवायचे. त्या दिवशी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"आकडा चढतोय."

"चारच टाके राहिलेत."

"पुरे की आता."

"सबनीस, आडवा शब्द अडलाय का तुमचा?"

सगळे हसले. सबनीस हसले नाहीत. मी चारही टाके घातले. कमरेचं माप फळ्यावरच्या मापाशी जुळलं. भुलीमध्ये स्नायू ढिले असतात, जाग आल्यावर ते आपलं बळ परत धरतात, म्हणून टेबलावर बेताचं वाटणारं आवळणं उद्या जास्त होऊ शकतं. हे मला माहीत होतं. मी ते विद्यार्थ्यांना शिकवत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला गेलो तर बाई उशांना टेकून बसल्या होत्या. ओठ कोरडे. दोन शब्द बोलून थांबत होत्या. लघवीच्या पिशवीचा जेमतेम तळ झाकलेला. कमलमावशी पलंगाशी उभ्या होत्या.

"डॉक्टर, पट्टा मी पहाटंच सोडलाय. ह्यो बघा, उघडाच हाय. तरी प्वाट दगडावानी लागतंय. पट्ट्याचं न्हाई ह्ये. आतनं आवळलंय."

चाळीस वर्षांत इतकं अचूक निदान मी फार कमी वेळा ऐकलं आहे. मी म्हणालो, "मावशी, तुम्ही बाहेर थांबा."

दुपारी बाईंना पुन्हा थिएटरमध्ये घेतलं. जखम उघडली आणि तिरक्या रांगांचे धागे एकेक करून कापले. तिसरा धागा कापला आणि आकडा उतरू लागला. सबनिसांनी तो मोठ्याने वाचला. पुढच्या धाग्याला पुन्हा वाचला. संध्याकाळपर्यंत बाईंचा श्वास मोकळा झाला आणि त्यांनी चहा मागितला.

मालकांच्या केबिनमध्ये बाईंचे पती बसले होते. काय झालं ते लेखी द्या, म्हणत होते, आणि त्यांचं बरोबरच होतं. मालकांनी मला बाजूला घेतलं. "टाक्यांचं नाव आलं तर आधी तुम्ही जाल, मग मी. दुसरं काही कारण नाही का होण्यासारखं?"

दुसरं कारण मला अर्ध्या मिनिटात सुचलं. मी लिहिलं, 'आयाने पोटाचा पट्टा अतिघट्ट बांधल्यामुळे श्वासास अडथळा. खात्रीसाठी जखम उघडून पाहिली. आतील टाके सुस्थितीत.' ते सुस्थितीतले टाके त्या वेळी स्टीलच्या ट्रेमध्ये तुकडे होऊन पडले होते. आमच्या अक्षरावर लोक विनोद करतात. तो कागद मात्र कुणीही वाचावा असा होता. सबनिसांनी खाली सही केली. वर्षभरात ते मुलीकडे नागपूरला राहायला गेले. तेव्हापासून ते मला फोन करत नाहीत, मीही करत नाही.

मावशींना त्याच दिवशी काढलं. त्या माझ्या खोलीत आल्या. बसल्या नाहीत.

"डॉक्टर, मी दोन बोटं घालून बघितलीवती. तुमाला ठावं हाय."

"मावशी, कागद झालाय. आता काही बदलता येणार नाही."

त्यांनी वॉर्डच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेल्या.

कमरपट्ट्याचं काय झालं, असं वाचक विचारतील. लग्नाचा फोटो आला होता. मागे पुन्हा दोरा बांधलेला. सोबत चिठ्ठी होती: 'सासूबाई या वेळी काही बोलल्या नाहीत. त्यांना आता दिसत नाही. त्या आयाला काढलंत ते बरं केलंत.'

त्यानंतरही चार वर्षं मी तिथे पोटं आवळत राहिलो. तिरक्या रांगा मात्र बंद केल्या. कुणी विचारलं तर सांगायचो, नवं तंत्र आलंय. पुढे मी निवृत्त झालो आणि हॉस्पिटल पुन्हा रिसॉर्ट झालं. जिथे ऑपरेशन टेबल होतं तिथे आता सकाळी सात ते दहा नाश्ता मिळतो.

एवढ्यावर सगळं विसरलं गेलं असतं. मी तर विसरायचा चांगला सराव केला होता. पण या वर्षी गणपती झाल्यावर मी बाजारात औषधाच्या दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या घेत होतो. पुढे एक साठीच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी बाळंतिणीसाठी पोटाचा पट्टा मागितला. दुकानदार त्यांना ओळखत असावा. तो म्हणाला, "मावशी, तुमची लेक आता वलवणला सासरीच आहे ना? मग घरात कमलमावशी असताना विकतचा पट्टा कशाला?"

"नको बाबा. माझी विहीण असली म्हनून काय झालं? त्यांनी हास्पिटलात एकीचा श्वास कोंडिवलाता. डॉक्टरनं कागदावर लिवलंय. पयल्या बाळाच्या टायमाला पोरगी माझ्याकडं शिरगावात हुती, तवाबी त्यांना हात लावू दिला न्हाई. आता बी न्हाई."

माझी पाळी आली तेव्हा मला कुठल्या गोळ्या हव्या होत्या ते आठवेना.

मला वाटलं होतं, मावशींची एक नोकरी गेली. त्यांचा हात गेला होता, आणि तोही त्यांच्याच घरात, सुनेच्या बाळंतपणात. वस्तीत त्यांना कुणी बोलावत नव्हतं हे मी नंतर विचारून घेतलं. नऊ वर्षं, एकदाही नाही.

तिसऱ्या दिवशी वलवणला गेलो. मावशी ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होत्या. केस पांढरे झालेले, बाकी तशाच.

"जय भीम, डॉक्टर. बसा. वाट चुकला काय?"

मी रस्ताभर वाक्यं जुळवली होती. "मावशी, त्या वेळची परिस्थिती अशी होती की..."

"परिस्थिती ऱ्हाऊ द्या. काय केलं त्ये बोला."

"टाके मी जास्त आवळले होते. तुमचा पट्टा बरोबर होता. कागदावर मी खोटं लिहिलं."

त्यांनी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "ह्ये मला ठावं हाय. माझ्या हातानं बघितलंवतं मी. मला सांगून काय उपेग?" मग हनुवटीने घराकडे खूण केली. "आत बसल्यात. त्यांना सांगा."

आत पलंगावर सून शीतल होती, कुशीत बारा दिवसांची मुलगी. शेजारी दुकानातल्या त्या बाई, मावशींच्या विहीण. उशाशी विकतचा पट्टा, अजून पिशवीतच. मी कोण ते सांगितलं आणि सवयीप्रमाणे स्नायूंच्या दोन पट्ट्यांपासून सुरुवात केली. विहीणबाईंनी हात वर केला.

"त्ये शिवणीचं ऱ्हाऊ द्या. ह्यांनी बांधल्यालं घट्ट हुतं का न्हवतं?"

"नव्हतं."

"मंग श्वास कुनी कोंडला?"

"मी."

"आन् कागदावर आयाला कशापायी घातलं?"

"नाहीतर माझं नाव घालावं लागलं असतं."

"आन् नऊ वर्सं गप ऱ्हायला."

"हो."

"लय शिकल्याले दिसताय."

शीतलला हसू फुटलं आणि लगेच तिने पोट धरलं. "आई, हसवू नगं गं, दुखतंय." मावशी सूप हातात घेऊन दारात येऊन उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. विहीणबाई पलंगाच्या काठाकडे बघत म्हणाल्या, "मी तरी काय करनार? डॉक्टरनं लिवल्यालं. आमी खरं धरलं." हे कुणाला उद्देशून होतं ते कळायला वेळ लागला नाही. मग त्या म्हणाल्या, "ताई, फडकं हाय का तुमचं?"

"हाय. धुतल्यालं हाय."

"मंग बांधा हिला. मी बघती."

मावशींनी सूप माझ्या हातात दिलं. "तुमी भाईर थांबा, डॉक्टर."

मी ओट्यावर येऊन बसलो. आतून मावशींचा आवाज येत होता. वॉर्डात ऐकायचो तोच, जराही न चढलेला. "पाय दुमड, शीतल. हां. आता श्वास घे. सोड. घे." कापडाचा वेढा पडल्याचा आवाज, मग दुसरा. मी सुपातले खडे वेचायला लागलो. तेही मला नीट येत नव्हतं.

"विहीणबाई, घाला बोटं."

"मी?"

"मंग कोन? तुमचंच मन खायाचं पुन्यांदा."

थोडी खुडबुड झाली.

"गेली?"

"गेली की."

"किती?"

"दोन."

"अडत्यात का?"

"न्हाई."

"श्वास हाय ना गं पोरी?"

"हाय, आत्याबाई. लय बरं वाटतंय."

मग मावशींनी आवाज चढवला. इतक्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"ओ डॉक्टर! ऐकलं का? दोन म्हनत्यात. लिवा आता कागदावर."

लिहिलं आहे, मावशी.